लेझर डिस्क संगणकात उतरवताना

ग्रामोफोनच्या एलपीएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची आणि सीडीसारखी चकाकणारी तबकडी माळ्यावरच्या खोक्यात सापडली, की घरातली बहुतेक मंडळी तिला ‘मोठी सीडी’ म्हणतात आणि पहिली गफलत तिथेच होते. सीडीवर, तसेच मुंबईत एके काळी गल्लोगल्ली भाड्याने मिळणाऱ्या व्हीसीडीवर माहिती आकड्यांच्या रूपात साठवलेली असते; त्यामुळे व्हीसीडीतली फाइल संगणकात नुसती उचलून ठेवता येते. लेझर डिस्कवरचे चित्र मात्र अ‍ॅनालॉग असते. तबकडीच्या चकचकीत थरातील सूक्ष्म खळग्यांची लांबी आणि त्यांच्यातील अंतर यांमध्येच दूरचित्रवाणीचा सबंध कॉम्पोझिट (उजेड आणि रंग एकत्र असलेला) सिग्नल एफएम पद्धतीने कोरलेला असतो. म्हणून ही तबकडी ‘कॉपी’ करता येत नाही. ती तिच्याच प्लेअरवर वाजवावी लागते आणि वाजत असताना टिपून घ्यावी लागते.

तबकडी चौकोनी प्लास्टिकच्या कवचात असेल आणि कवचातून हाताने बाहेर निघत नसेल, तर ती लेझर डिस्क नसून आरसीए या अमेरिकी कंपनीची सीईडी नावाची तबकडी असण्याची शक्यता आहे. ती सुईने वाचली जाते आणि तिची वाट वेगळी आहे. पुढील विवेचन लेझर डिस्कपुरतेच आहे.

हा प्रकार डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे विक्रीस आला आणि पायोनियर कंपनीने आपले शेवटचे प्लेअर थांबवत असल्याचे जानेवारी २००९ मध्ये जाहीर केले. याचा अर्थ आज हाती येणारा प्रत्येक प्लेअर वापरलेला आणि म्हातारा असणार. तबकड्यांनाही वय झाले आहे. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी कोणती तबकडी खरोखर उतरवण्याजोगी आहे, हे ठरवून घ्यावे. जो चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन होऊन ब्लू-रेवर आला आहे, त्याच्या लेझर डिस्कपायी चार रविवार घालवणे हा हौसेचा भाग झाला, गरजेचा नव्हे. उलट कराओकेच्या तबकड्या, शैक्षणिक आणि कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी काढलेल्या तबकड्या, पुढे कुठेच न आलेली ध्वनिमिश्रणे किंवा क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने १९८४ पासून रूढ केलेली चित्रपटासोबतची भाष्ये, हा ऐवज अनेकदा दुसरीकडे मिळत नाही. त्याला पहिला मान द्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी वापरासाठी वाजवी सवलत देते. उतरवलेली फाइल महाजालावर चढवणे किंवा प्रती काढून वाटणे त्या सवलतीत बसत नाही, एवढे भान ठेवावे.

तबकडीची पाहणी

वेष्टनावर एनटीएससी लिहिले आहे की पाल, म्हणजे चित्र दूरचित्रवाणीच्या कोणत्या पद्धतीचे आहे, हे आधी पाहावे. भारतातील जुनी दूरचित्रवाणी पाल पद्धतीची होती, तरी मुंबईतल्या घरांतून माझ्यापर्यंत आलेल्या तबकड्या बहुतांशी अमेरिका, जपान किंवा हाँगकाँगहून कोणीतरी आणलेल्या आणि म्हणून एनटीएससी होत्या. त्यानंतर तबकडी सीएव्ही आहे की सीएलव्ही, हे ओळखावे. एनटीएससी सीएव्ही तबकडी मिनिटाला १८०० फेरे या एकाच वेगाने फिरते, एका फेऱ्यात एक फ्रेम दाखवते आणि एका बाजूवर ५४,००० फ्रेम म्हणजे ३० मिनिटे मावतात. सीएलव्ही तबकडीचा वेग आतून बाहेर जाताना १८०० वरून सुमारे ६०० फेऱ्यांपर्यंत उतरतो आणि एका बाजूवर ६० मिनिटे बसतात. पाल तबकड्यांत हेच आकडे अनुक्रमे ३६ आणि ६४ मिनिटे आहेत. वेष्टन हरवले असेल, तर तबकडी तिरप्या उजेडात धरावी; सीएव्हीवर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या, समोरासमोरच्या दोन आऱ्यांसारखे पट्टे दिसतात.

पाहणीत तडा दिसला, तर ती तबकडी प्लेअरमध्ये अजिबात घालू नये. मिनिटाला १८०० फेरे घेताना ३० सेंटिमीटरच्या तबकडीची कड ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावत असते आणि त्या वेगाला सुटलेला तुकडा लेन्सच काय, सबंध यंत्र निकामी करू शकतो.

लेझर डिस्क म्हणजे प्रत्यक्षात दोन एकतर्फी तबकड्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरापर्यंत हवा किंवा गोंदातील द्रव्ये पोहोचली, की तो थर गंजू लागतो. जाणकार याला ‘लेझर रॉट’ म्हणतात. पडद्यावर तो रंगीत ठिपक्यांच्या भुरभुरीसारखा दिसतो, डिजिटल आवाजात टकटक ऐकू येते आणि काळाबरोबर तो वाढत जातो. डिस्कोव्हिजन छापाच्या आरंभीच्या तबकड्या आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेतील टेरे हॉट येथील सोनीच्या कारखान्यात तयार झालेल्या अनेक तबकड्या यासाठी बदनाम आहेत. रॉट पुसून जात नाही आणि त्यावर औषध नाही. म्हणून ज्या तबकडीवर तो दिसू लागला आहे, ती रांगेत सर्वांत पुढे घ्यावी.

मुंबईच्या हवेचा त्रास निराळा आहे. पावसाळ्यातल्या दमटपणामुळे वेष्टनावर आणि तबकडीवर बुरशीचे पांढुरके जाळे धरते. ते सुदैवाने वरच्या पृष्ठभागावरच असते. सीडीसाठी अनेक जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, पण लेझर डिस्क अ‍ॅक्रिलिकची असते आणि अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात. त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब टाकावेत, मऊ मायक्रोफायबर कापड त्यात ओले करून चांगले पिळावे आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण गोलाकार ओरखडा लेझरला वाटेत दीर्घकाळ छळतो, तर आडवा ओरखडा क्षणात मागे पडतो. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या कापडाने पुसून तबकडी उभी ठेवून वाळवावी. मधले लेबल आणि बाहेरची सांध्याची कड ओली होऊ देऊ नये.

प्लेअर मिळवणे

या कामातला सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर कधीमधी एखादा प्लेअर दिसतो, परंतु तो चालेलच याची हमी कोणी देत नाही. जुने कराओके संच विकायला काढणाऱ्यांकडे चांगली शक्यता असते. एनटीएससी आणि पाल दोन्ही वाचणारा प्लेअर मिळाला तर उत्तम. पायोनियरचा सीएलडी-डी९२५ हा त्यातला परिचित घरगुती नमुना आहे, तर एलडी-व्ही४३००डी हा त्याच कंपनीचा औद्योगिक वापराचा. केवळ एनटीएससी तबकड्या असतील, तर साधा अमेरिकी किंवा जपानी प्लेअरही पुरतो.

विकत घेण्यापूर्वी प्लेअर तबकडी फिरवतो एवढ्यावर समाधान मानू नये. सोबत ६० मिनिटांची सीएलव्ही तबकडी न्यावी आणि तिची शेवटची पाच मिनिटे पाहावीत. तबकडी किंचित वाकलेली असेल किंवा प्लेअरची लेन्स तबकडीच्या कलानुसार स्वतःला नीट सावरत नसेल, तर शेजारच्या मार्गिकेतला सिग्नल मिसळतो आणि बाहेरच्या भागात चित्रावर तिरपे पट्टे सरकताना दिसतात. दोन्ही बाजू आपोआप वाचणारा प्लेअर असेल, तर दुसरी बाजूही लावून पाहावी, कारण लेझरचा गाडा तबकडीच्या वरच्या अंगाला नेणारी यंत्रणा वर्षानुवर्षे न वापरल्याने अडकते. ट्रे बाहेर येत नसेल, तर मात्र घाबरून जाऊ नये. बहुधा आतला रबरी पट्टा सैल पडलेला किंवा चिघळून डांबरासारखा झालेला असतो आणि योग्य मापाचा पट्टा लॅमिंग्टन रोडवर शोधल्यास मिळतो.

अमेरिकी प्लेअर १२० व्होल्टचा आणि जपानी १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात तो थेट लावला, की एका क्षणात त्याचा पॉवर सप्लाय जळतो. मागच्या पट्टीवरील आकडा वाचून त्याच व्होल्टेजचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी, कारण घरात झाडू मारताना कोणीतरी प्लग काढून दुसरीकडे लावतेच. वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत आणलेला प्लेअर लगेच सुरू करू नये. लेन्सवर धरलेले बाष्प उडायला दोन तास द्यावेत.

कोणती वायर लावावी

प्लेअरच्या मागे पिवळी कॉम्पोझिट आणि गोल एस-व्हिडिओ अशा दोन जागा दिसल्या, की कोणीही एस-व्हिडिओ निवडतो, कारण व्हीएचएस आणि डीव्हीडीच्या दिवसांत तीच चांगली असल्याचे आपण ऐकलेले असते. मीही तसेच केले होते आणि सात तबकड्या उतरवून झाल्यावर त्या सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या. व्हीएचएसवर उजेडाचा आणि रंगाचा भाग वेगवेगळा नोंदलेला असतो. लेझर डिस्कवर हे दोन्ही भाग एकत्र, कॉम्पोझिट स्वरूपातच कोरलेले असतात. ते कुठेतरी वेगळे करावेच लागतात आणि हे काम कॉम्ब फिल्टर करतो. एस-व्हिडिओ घेतला, तर प्लेअरमधला जुना फिल्टर ते काम करतो. कॉम्पोझिट घेतला, तर कॅप्चर कार्डातला, म्हणजे बाहेरचे चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणातला. बहुतेक घरगुती प्लेअरमधले फिल्टर साधे आहेत. बारीक रेघांच्या साडीवर किंवा चेक्सच्या शर्टावर इंद्रधनुषी लहरी नाचतात आणि रंगाच्या कडांवर ठिपके रांगतात, ही त्याचीच खूण. कॅप्चर कार्डाचा फिल्टर त्याहून बरा असेल, तर पिवळी वायरच लावावी. तरीही ऐकीव गोष्टीवर न जाता एकाच तबकडीची तीच दोन मिनिटे दोन्ही वायरींनी टिपून शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

कॉम्पोझिटचे एचडीएमआय करणारी स्वस्त डबी मात्र टाळावी. ती चित्र ताणून मोठे करते, इंटरलेस्ड फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) ओबडधोबड रीतीने जोडते आणि फ्रेमचा वेगही बदलते. हे बिघाड नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने काढता येत नाहीत. कार्ड असे असावे, की जे मूळ इंटरलेस्ड चित्र जसेच्या तसे संगणकाला देते आणि ज्यातील स्वयंचलित उजेड-नियंत्रण बंद करता येते.

टिपताना

व्हर्च्युअलडब किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी पद्धत निवडावी. भारतात विकत घेतलेली कार्डे बहुधा पालवर लावलेली असतात आणि त्यात एनटीएससी तबकडी लावली, की चित्र कृष्णधवल दिसते किंवा वर सरकत राहते. एनटीएससीसाठी ७२० × ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम, तर पालसाठी ७२० × ५७६ आणि २५ फ्रेम ठेवाव्यात. दोन्ही पद्धती वाचणाऱ्या काही प्लेअरमध्ये एनटीएससी तबकडी जुन्या पाल टीव्हीवर दिसावी म्हणून सिग्नल बदलून देणारा खटका असतो. तो बंद ठेवून शुद्ध एनटीएससीच घ्यावे. पडद्यावर वेळ आणि चॅप्टर दाखवणारी अक्षरेही बंद करावीत, अन्यथा ती कायमची चित्रात बसतात.

साठवण्यासाठी हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ असा काहीही न गाळणारा कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) वापरावा. कच्चे चित्र तासाला सुमारे ७५ जीबी होते; असे कोडेक ते साधारणपणे निम्म्यापर्यंत आणतात. या टप्प्यावर एमपी४ करू नये, आवाज स्वच्छ करू नये, चित्र धारदार करू नये. टिपणे आणि सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. सुधारण्याची साधने दर दोन वर्षांनी बदलतात. तबकडी पुढच्या वेळी वाजेलच याची खात्री नाही.

उजेडाची पातळी एखाद्या प्रखर दृश्यावर आणि एखाद्या काळोख्या दृश्यावर तपासावी. सिनेमास्कोप चित्राच्या वर-खाली असणाऱ्या काळ्या पट्ट्या इथे उपयोगी पडतात: त्या राखाडी दिसल्या तर काळेपणा वर चढला आहे आणि त्यांच्याशेजारच्या सावल्यांतला तपशील गडप झाला तर तो खाली उतरला आहे. अमेरिकी आणि जपानी एनटीएससीत काळ्याची पातळीच निराळी धरलेली असते, त्यामुळे एकाच्या मापाने दुसरी तबकडी उतरवू नये.

आवाजात दोन वाटा आहेत. एनटीएससी तबकडीवर अ‍ॅनालॉग आवाज असतो आणि बहुतेक नंतरच्या तबकड्यांवर त्याखेरीज सीडीच्याच प्रतीचा, ४४.१ किलोहर्ट्झचा डिजिटल आवाजही असतो. तो प्लेअरच्या ऑप्टिकल जागेतून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणात, घ्यावा. तासाभराच्या फाइलमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि शब्द जुळत नाहीत, अशी तक्रार अनेक जण करतात; त्याचे कारण बहुधा हे, की इंटरफेस स्वतःच्या घड्याळाने आवाज मोजतो आणि चित्र मात्र प्लेअरच्या घड्याळाने येते. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्या डिजिटल सिग्नलचे घड्याळ धरावे. मग चित्र आणि आवाज दोघेही प्लेअरच्याच तालावर चालतात आणि सुरुवात जुळवली की शेवट आपोआप जुळतो. अट एवढीच, की एकही फ्रेम गळता कामा नये.

वेष्टनावर डीटीएस (अनेक स्पीकरांसाठी सांकेतिक रूपात साठवलेला आवाज) असेल, तर स्पीकरचा आवाज आधी शून्यावर आणावा, कारण डीटीएस न उलगडता ऐकला तर तो कर्णकर्कश खरखराटच असतो. गिरगावातल्या आमच्या वाडीत रात्री साडेअकरा वाजता मी हा धडा शिकलो आणि समोरच्या काकूंनी खिडकीतून दिलेला दुसराही शिकलो. डॉल्बी एसी-३ असलेल्या तबकडीत तो उजव्या अ‍ॅनालॉग वाहिनीच्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे तिथे फक्त खरखर ऐकू आली, तर प्लेअर बिघडला असे समजू नये.

टिपून झाल्यावर गळालेल्या फ्रेमचा आकडा शून्य आहे ना, ते पाहावे. सीएव्ही तबकडीत याची पक्की खातरजमा करता येते: प्रत्येक फ्रेमला तबकडीवरच क्रमांक असतो, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचा क्रमांक प्लेअरवर पाहून त्यांच्यातल्या फरकात एक मिळवून तो आकडा फाइलमधील फ्रेमच्या संख्येशी ताडून पाहावा. जमत नसेल तर ती बाजू पुन्हा टिपावी.

लेझरपासूनच सुरुवात करायची असेल तर

ज्यांच्याकडे दुर्मीळ तबकडी आहे आणि सोल्डरिंगचा हात बसलेला आहे, त्यांच्यासाठी याहून वरची वाट उपलब्ध आहे. तीत प्लेअरने तयार केलेले चित्र घ्यायचेच नाही. लेझरने वाचलेला कच्चा रेडिओ-वारंवारतेचा सिग्नल आतल्या चाचणी-बिंदूवरून काढून घ्यायचा आणि पुढचे सगळे काम संगणकावर करायचे. यासाठी डोम्सडे डुप्लिकेटर हे खुले हार्डवेअर आणि एलडी-डीकोड हे खुले सॉफ्टवेअर आहे. बीबीसीच्या १९८६ च्या डोम्सडे प्रकल्पाच्या लेझर डिस्क वाचवण्याच्या खटाटोपातून हे नाव आले. हे यंत्र सेकंदाला ४ कोटी नमुने प्रत्येकी १० बिटांत घेते, म्हणजे सेकंदाला ५० एमबी आणि तासाला १८० जीबी. नंतर ते दाबून लहान करता येतात, तरी मोठी आणि वेगवान हार्ड डिस्क हवीच.

मोबदलाही तसाच आहे. रंग वेगळे करण्याचा फिल्टर आपण निवडतो आणि उद्या नवा आला तर त्याच फाइलवर चालवतो. चित्राच्या बाहेरच्या ओळींतली माहिती, उदाहरणार्थ अमेरिकी तबकड्यांच्या २१ व्या ओळीतील संवादपट्ट्या (क्लोज्ड कॅप्शन), शाबूत राहते. एकाच मुद्रणाच्या दोन-तीन तबकड्या मिळाल्या, तर त्या एकावर एक रचून रॉटने खाल्लेले ठिपके एकमेकींतून भरून काढता येतात. मात्र चाचणी-बिंदूला वायर लावताना प्लेअर उघडावा लागतो. प्लग काढल्यानंतरच हात घालावा आणि प्लेअर उघडा असताना तो सुरू करून लेन्सकडे वाकून पाहू नये. नंतरच्या प्लेअरमधील लेझर ७८० नॅनोमीटरचा असतो आणि डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

पाहण्याची प्रत आणि ठेवण्याची प्रत

मूळ टिपलेल्या फाइलला हात न लावता तिच्यावरून टीव्हीवर पाहण्यासाठी एच.२६४ मधली वेगळी प्रत करावी. मूळ साहित्य व्हिडिओ कॅमेऱ्याचे असेल, जसे कराओकेत बरेचदा असते, तर बीडब्ल्यूडिफ किंवा क्यूटीजीएमसी हे फिल्टर वापरून प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करावी. हालचाल गुळगुळीत राहते. साहित्य चित्रपटाचे असेल, तर एनटीएससीत २४ फ्रेमच्या ६० फील्ड केलेल्या असतात. त्या उलट्या जोडून पुन्हा २४ करणारा फिल्टर वापरावा, नुसते डीइंटरलेस करू नये. पाल तबकडीवर चित्रपट सुमारे ४ टक्के अधिक वेगाने धावतो आणि गाण्याची पट्टी किंचित चढते. ज्यांचे कान तयार आहेत त्यांनी तो २४ वर आणून आवाजही तितकाच मंद करावा. चित्राचे प्रमाण ४:३ नोंदवायला विसरू नये. एआयने चित्र चौपट मोठे करण्याच्या मोहाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: चेहरे मेणाचे होतात. करायचेच असेल तर पाहण्याच्या प्रतीवर करावे.

प्रत्येक बाजूची फाइल वेगळी ठेवावी आणि तिच्या नावात तबकडीचा कॅटलॉग क्रमांक व बाजू लिहावी. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणता प्लेअर, कोणती वायर, कोणते कार्ड आणि कोणती तारीख, याची नोंद करावी. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी. पहिल्या मजल्याखाली पाणी भरणाऱ्या आपल्या शहरात हे अधिक सांगायला नको. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बदलली की बदलणारी तपासणी-संख्या) काढून ठेवावी आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत, पावसाळा सरला की, दोन्ही डिस्क जोडून ती पुन्हा ताडून पाहावी. त्याच वेळी तबकड्यांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात आणि तबकड्या आडव्या रचलेल्या असतील तर उभ्या कराव्यात.